सरहद्दीवरचा जुना किल्ला लोकांनी मिळून परत उभारताय? या चुका टाळा

जुना मेढेकोट, म्हणजे लाकडी खांबांच्या तटाचा किल्ला, परत उभा करायचा ठरला की पहिल्याच मीटिंगमध्ये लाकूड कुठून आणायचं यावर चर्चा सुरू होते, आणि गडबड तिथूनच सुरू होते, कारण लाकडाचा नंबर खूप नंतरचा. आधी ठरवा की नेमक्या कुठल्या सालातला किल्ला बांधताय. अमेरिकेतल्या सरहद्दीवरचे हे किल्ले सतत बदलत असायचे, खांब कुजले की नवे रोवायचे, खोल्या वाढवायच्या, तट पुढे सरकवायचा. एकाला आधीचा दरवाजा आवडला आणि दुसऱ्याला नंतरचा बुरूज, की जो किल्ला कधी नव्हताच तो तयार होतो. कोलोराडोतला बेंट्स ओल्ड फोर्ट १९७६ साली परत उभा राहिला, तेव्हा लेफ्टनंट एबर्टने १८४६ मध्ये काढलेली चित्रं आणि मापं हाताशी होती. असं काहीच नसेल तर तेवढा भाग बांधू नका, जमिनीवर नुसती आखणी करून दाखवा. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणारी १९६४ ची व्हेनिस सनदही हेच सांगते, अंदाज सुरू झाला की काम थांबवा.

दुसरी चूक भरून न येणारी आहे. "पाया खणताना काय सापडेल ते बघू" म्हणत जेसीबी लावणं. लाकडी खांब कुजून गेला तरी त्याची जागा मातीत वेगळ्या रंगाचा डाग म्हणून उरते, तोच तुमचा नकाशा, आणि बकेट एकदा फिरली की तो गेलाच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला फोर्ट व्हँकूव्हर १८६६ मध्ये जळाला, १९४७ मध्ये तिथे उत्खनन सुरू झालं आणि बांधकाम १९६६ मध्ये, म्हणजे मधे जवळजवळ २० वर्षं! एवढं थांबणं जिवावर येतं हे मान्य, पण खोदकाम झालंच असेल तर आत्ता लगेच थांबवा, निघालेली माती कुठल्या खड्ड्यातली हे लिहून वेगळी ठेवा, फोटो काढा आणि पुरातत्त्वज्ञाला बोलवा, स्वतः चाळत बसू नका.

आता कुजण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथेच मार खातात. खांब वरून ठणठणीत दिसतो आणि जमिनीलगत आतून भुसा झालेला असतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच एकत्र मिळतात. मग लोक बुंध्याभोवती काँक्रीट ओततात, लाकूड सुकून आकसतं, फटीत पाणी साचतं आणि खांब अजूनच लवकर जातो. त्यापेक्षा साल काढून टाका, शक्यतो झाडाच्या गाभ्याचं लाकूड वापरा, खाली खडी घाला, आणि माती खांबापासून बाहेर उतरती ठेवा. दर पावसाळ्यानंतर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर तो खांब बदला, शेजारच्यांच्या आधारावर उभा आहे म्हणून सोडू नका. भिंती कच्च्या विटांच्या असतील तर सिमेंटचं प्लास्टर अजिबात नको, ओल आत अडकते आणि भिंत मागून सुटत जाते, मातीचाच गिलावा परत परत द्यावा लागतो, त्याला शॉर्टकट नाही.

आगीचा विचार तर सगळे शेवटी करतात. ऑरेगॉनमधला फोर्ट क्लॅटसॉप, जिथे पश्चिमेचा शोध घेत निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या तुकडीने १८०५-०६ चा हिवाळा काढला, त्याची प्रतिकृती १९५५ मध्ये स्थानिक लोकांनी उभी केली होती, ती ३ ऑक्टोबर २००५ ला जळाली, त्या मुक्कामाला २०० वर्षं झाल्याच्या कार्यक्रमांना थोडेच आठवडे उरले असताना. मग सुमारे ७०० व्हॉलंटियर्स राबले आणि डिसेंबर २००६ मध्ये नवा किल्ला खुला झाला, हे वाचलं की अजूनही भरून येतं मला. चुलीत विस्तव दाखवायचाच असेल तर शेवटचा पाहुणा गेल्यावर राख गार झाली का हे हाताने बघणारा माणूस नेमा, आणि धुराचा अलार्म पहिल्या दिवसापासून असू दे.

मूळ फोर्ट क्लॅटसॉपची नेमकी जागा अजून सापडलेली नाही, म्हणून ती प्रतिकृतीच म्हणायची. तुमच्याही बोर्डावर हे स्पष्ट लिहा, काय पुराव्याने बांधलं आणि कधी बांधलं.

आणि एक गोष्ट खूप उशिरा सुचते. फोर्ट क्लॅटसॉपचं नाव ज्या मूळनिवासी क्लॅटसॉप लोकांवरून पडलं ते तिथे आधीपासून राहत होते, सरहद्द फक्त बाहेरून आलेल्यांसाठी होती. तुमच्या जागेवर ज्यांचे पूर्वज होते त्यांना उद्घाटनाला नाचायला बोलावू नका, नकाशा कागदावर असतानाच टेबलाशी बसवा, तेव्हाच त्यांच्या म्हणण्याने काही बदलू शकतं.