तानपुऱ्यासह गायिकेचं मुखपृष्ठ : शूटची आखणी

शास्त्रीय संगीताच्या अंकावर गायिका आणि तानपुरा हवा, हे लवकर ठरतं. खुंट्या नेमक्या मासिकाच्या नावावर आल्या आहेत, हे मात्र पानाची मांडणी करताना लक्षात येतं. त्यामुळे शूटची सुरुवात कॅमेऱ्यापासून नाही, मांडणीपासून करा.

मांडणीकाराकडून नाव, ठळक ओळी आणि बारकोड यांच्या जागा दाखवणारी पारदर्शक पीएनजी फाइल आधीच घ्या. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून लाइटरूम किंवा कॅप्चर वन या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल फोटोवर ठेवली, की प्रत्येक फ्रेम नावासकट दिसते. ए-४ मुखपृष्ठाला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (छाटणीत जाणारी जादा कड) धरलं तर आकार २१६ × ३०३ मिमी होतो. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण २५५१ × ३५७९ पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या उभ्या फोटोत ४००० × ६००० पिक्सेल असतात, म्हणून फ्रेम सैल ठेवा. घट्ट फ्रेम नंतर सैल करता येत नाही.

आता तानपुरा. मांडी घालून बसलेल्या गायिकेच्या डोक्याच्या बऱ्याच वर उभ्या तानपुऱ्याच्या खुंट्या जातात. खुंट्यांपासून भोपळ्यापर्यंत सगळं घ्यायला गेलात, तर चेहरा लहान होऊन पानाच्या मध्यावर येतो. आडवा तानपुरा रियाजाच्या फोटोला छान, पण उभ्या पानात मावत नाही. आमच्या मते दांडी खुंट्यांच्या खालीच फ्रेमबाहेर जाऊ द्यावी आणि चेहरा, तारांवरची बोटं व भोपळ्याचा वरचा भाग ठेवावा. अर्ध्या कापलेल्या खुंट्या फार वाईट दिसतात. सगळा तानपुरा हवाच असेल, तर ८५ मिमी लेन्सने फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १.८ मीटर उंचीची चौकट घ्यायला सव्वाचार मीटर अंतर लागतं. त्यात पडद्यापर्यंतचे दीड-दोन मीटर मिळवा आणि मगच जागा ठरवा.

बोटं जाणकार वाचक सगळ्यात आधी बघतो. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. चारही बोटं तारांवर पसरलेली दिसली की फोटो खोटा वाटतो. याच कारणाने फोटो कधीही आडवा उलटवू नका: उजवा हात डावा होतो, साडीचा पदर दुसऱ्या खांद्यावर जातो, आणि साथीला तबला असेल तर डग्गा-दायांच्या जागा बदलतात.

प्रकाशासाठी १२० सेमीचा एक ऑक्टाबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी अष्टकोनी पेटी) बाजूने ४५ अंशांवर, डोळ्यांच्या थोडा वर, आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल. मॅन्युअल मोड, एफ/८, १/१६० सेकंद, आयएसओ १०० पासून सुरुवात करा. पॉलिश केलेल्या भोपळ्यावर ऑक्टाबॉक्सचा पांढरा डाग उमटतो. दिवा हातभर सरकवून पाहा. डाग हटला नाही तर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावा, पण त्याने एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तेवढा फ्लॅश वाढवा. चष्मा असेल तर दिवा आणखी वर घ्या.

पैठणीचे गर्द निळे-जांभळे रंग स्क्रीनवर झळाळतात आणि सीएमवायके (चार शाईंच्या) छपाईत मलूल होतात. दोन साड्या मागवा, त्यातली एक मध्यम छटेची. बारीक रेघांचं कापड टाळा, त्यावर मोआरेच्या, म्हणजे कापडात नसलेल्या नक्षीच्या, लाटा येतात. काळ्या पडद्यापुढे काळे केस हरवतात. मागून केसांवर एक मंद दिवा हवाच.

मेकअपला पाऊण तास आणि तानपुरा लावायला अर्धा तास धरा. तानपुरा खरोखर सुरात लावा आणि गायिकेला खरोखर गाऊ द्या, कारण गाण्याचा अभिनय ओठांत लगेच कळतो. तानेत मानेच्या शिरा ताणल्या जातात आणि जबडा वाकडा येतो. विलंबित आलापात षड्ज लागून स्थिरावला, त्याच्या पुढचा क्षण टिपा. मिटलेले डोळे आतल्या पानांसाठी ठेवा. स्टॉलवर लांबून दिसणाऱ्या मुखपृष्ठाला उघडे डोळे लागतात.

हक्कांचं आधीच लिहून घ्या. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. फोटो पोस्टरवर किंवा इतरत्र वापरायचा असेल, तर तसं करारात आणि गायिकेच्या संमतिपत्रात स्पष्ट लिहा. छपाईआधी ज्या कागदावर मुखपृष्ठ छापणार त्यावरच प्रूफ मागवा आणि त्यात गालाची सावलीकडची बाजू तपासा. तिथेच शाई साचून चेहरा काळवंडतो.