कीबोर्डची एखादीच पट्टी किंचाळते किंवा मुकी राहते? माझा अनुभव

मधल्या सप्तकातली पांढरी तीन हळू दाबली तरी कानठळ्या बसवायची, शेजारची पांढरी चार तीनदा दाबल्यावर एकदा बोलायची. टच सेन्सिटिव्ह (जितक्या जोरात दाबू तितका मोठा आवाज देणारा) कीबोर्ड, सात वर्षं जुना. ब्लोअर मारला, फॅक्टरी रिसेट केला, फटीत स्प्रे मारला; काही फरक नाही. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला कार्यक्रम तोंडावर, मी रडकुंडीला आलो होतो.

शेवटी उघडला. अडॅप्टर काढला, सेल काढले, कीबोर्ड गादीवर पालथा घातला. स्क्रू लांब-आखूड असतात, म्हणून ज्या जागेचे त्या जागी थर्माकोलात टोचून ठेवले. उघडल्यावर आतल्या रिबन केबल (चपट्या वायरी) सोडवण्याआधी त्यांचे फोटो काढले. पट्ट्यांखालच्या सर्किटवर रबराची लांब पट्टी असते, त्यात प्रत्येक स्वराला दोन काळे कार्बनचे ठिपके. पट्टी दाबली की ते सर्किटवरच्या ठिपक्यांना एकापाठोपाठ टेकतात; दोन्ही टेकण्यातल्या वेळेवरून जोर मोजला जातो. मध्ये कचरा आला की हिशेब चुकतो.

माझ्याकडे कचरा म्हणजे निळे-तांबडे तंतू! कीबोर्डवर आपली सोलापुरी चादर पांघरायचो ना.

रबर अलगद उचललं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर इअरबड सर्किटच्या काळ्या ठिपक्यांवरून एकदाच फिरवला. रबराचे ठिपके नुसते कोरड्या बडने टिपले, कारण घासलं तर कार्बनच निघतो. अर्धा तास वाळवलं. मग रबराची बोंडं टूथपिकने सर्किटच्या एकेका भोकात पूर्ण बसवली. एक बोंड वर राहिलं होतं, तर पांढरी पाच मुकी झाली. परत उघडावं लागलं.

आता वर प्लास्टिकचं कव्हर. चादर माझ्या अंगावर.