पतंगांच्या वंशवृक्षासाठी निघण्याआधी

यंदा साताऱ्याच्या पश्चिमेकडचे पतंग (रात्री दिव्यावर येणारे कीटक, मॉथ) गोळा करून मायटोकाँड्रियल जीनोमवरून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांच्या स्वतःच्या डीएनएवरून, त्यांची नाती लावायची असतील, तर सुरुवात कागदांपासून करा. कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथला एकही पतंग उचलायचा नाही. अर्ज उन्हाळ्यातच टाका, पाऊस कुणासाठी थांबत नाही. नमुने परदेशी पाठवायचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचून घ्या.

रात्रीसाठी पांढरी चादर, दोरी, मर्क्युरीचा दिवा, जनरेटर आणि रेनकोट. तारीख अमावास्येच्या आसपासची धरा, कारण चांदण्यात दिव्यावर पतंग कमी येतात.

खरी काळजी नमुन्याची. इथेनॉल ९५ टक्क्यांच्या वरचं हवं. फॉर्मालिन जवळही आणू नका, त्यानं डीएनए खराब होतो. पतंग मेल्यावर बारीक चिमट्यानं एका बाजूचे तिन्ही पाय काढून लहान नळीत टाका आणि बाकीचं शरीर पंख पसरून टाचणीवर लावा. छातीच्या स्नायूंत मायटोकाँड्रिया खच्चून भरलेले असतात, त्यामुळे तिकडे हात वळतो. पण तो स्नायू काढताना नमुना मोडतो. पेशीगणिक या जीनोमच्या ढिगानं प्रती असतात, पायांवर काम भागतं. पोटाचा भाग तर अजिबात तोडू नका. पुष्कळ जाती जननेंद्रियांवरूनच ओळखू येतात, आणि जातीचं नाव चुकलं तर पुढचा अख्खा वृक्ष चुकीच्या नावानं उभा राहतो. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा: ठिकाण, उंची, तारीख, क्रमांक. पेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते. नळीतला आणि टाचणीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे तिथंच दिव्याखाली ताडून पाहा.

डीएनएतल्या अक्षरांची क्रमवारी हातात येण्याआधी काय तपासायचं तेही वहीत लिहून ठेवा. जीनोम साधारण १५ ते १६ हजार बेसांचा (डीएनएची अक्षरं) आणि जनुकं ३७: १३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची (अमिनो आम्लं आणून देणारे रेणू), २ आरआरएनएची (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचे रेणू). बहुतेक पतंगांत नियंत्रण भागानंतर (जनुकं नसलेला पट्टा) एम, आय, क्यू असा टीआरएनएंचा क्रम दिसतो; ही अक्षरं त्या-त्या अमिनो आम्लाची. हेपियालिडी या पतंगांच्या कुळात मात्र आय, क्यू, एम हा कीटकांचा जुना क्रम टिकून आहे. मला या अभ्यासातली ही सगळ्यात सुंदर खूण वाटते. कॉक्स-१ हे प्रथिनाचं जनुक बहुधा सीजीए या कोडॉननं (तीन अक्षरांचा गट, एका अमिनो आम्लाचा संकेत) सुरू होतं. संगणक एटीनं सुरू होणारा कोडॉन शोधत पुढे-मागे सरकतो, तेव्हा ती जागा स्वतः बघा. भाषांतरासाठी अपृष्ठवंशीयांचा मायटोकाँड्रियल संकेत निवडा, त्यात टीजीए म्हणजे थांबा (प्रथिन इथं संपलं अशी खूण) नव्हे, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. तरीही जनुकाच्या मधेच थांबा आला, तर पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएत शिरलेली या जनुकाची जुनी प्रत वाचली गेली असल्याची शंका घ्या.

या जीनोममध्ये ए आणि टी हे बेस मिळून ८० टक्क्यांच्या आसपास असतात. कोडॉनची तिसरी जागा इतक्या वेळा बदललेली असते की जुन्या फांद्यांबद्दल तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ती वगळून आणि अमिनो आम्लांवरूनही वृक्ष काढून पाहा. बाह्यगट म्हणून, म्हणजे वृक्षाचं मूळ ठरवायला बाहेरचा जीव म्हणून, कॅडिसफ्लाय हा पाण्याकाठचा कीटक घ्या, तो पतंगांचा सख्खा शेजारी.

शिवाय हा जीनोम फक्त आईकडून येतो. कीटकांच्या पेशींत राहणारा आणि आईकडूनच पिल्लांत जाणारा व्होल्बाकियासारखा जिवाणू पसरला की त्याच्यासोबत एकच मायटोकाँड्रियल प्रकार सगळीकडे जातो आणि जवळच्या जातींची नाती फसवी दिसतात. केंद्रकीय जनुकांशी ताडून पाहायची वेळ येणारच, म्हणून तीनपैकी एक पाय वेगळ्या नळीत उणे २० अंशांवर राखून ठेवा. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा फ्रीजर इन्व्हर्टरवर आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या.