घाटात दम सोडणारी जुनी पिकअप: दोष पाइपच्या बेंडमध्ये

सायलेन्सरचा पाइप बदलल्यापासून माझी जुनी टर्बो डिझेल पिकअप लोडवर घाटात दम सोडायची, वर काळा धूर. एअर फिल्टर बदलला, नोझल तपासले, टेलपाइप अडीच इंची केला. फरक शून्य. दोन महिने नुसता जीव मेटाकुटीला.

शेवटी पाइप उतरवला. ॲक्सलवरच्या बेंडला आतून सुरकुत्या, दोन इंची पाइप तिथे जेमतेम एक इंचावर चेपलेला! पुढे वाट अडलेली असताना मागचा पाइप मोठा करून काय होणार?

वेल्डिंग करायचं म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. चेपलेला तुकडा कापून दोन इंचीच मँड्रेल बेंड (वळवताना आतून न चेपलेला पाइप) बसवला. वेल्डिंगचे नुसते टाके मारून पाइप रबरांवर टांगला, ॲक्सल वर आला तरी घासत नाही हे पाहिलं, मगच पूर्ण वेल्डिंग. फ्लँजला, म्हणजे पाइपच्या बोल्टच्या जोडाला, नवं गॅस्केट. थंड इंजिन सुरू करून सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडे नाहीत. आता लोडसह घाट चढते, काळा धूर गेला.