सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम ठरवण्यापूर्वीची तयारी

शंभर-दोनशे कर्मचाऱ्यांच्या संस्थेत नवा सर्व्हर घ्यायचे ठरले की ‘विंडोज की लिनक्स’ हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. वास्तविक त्याचे उत्तर सर्वांत शेवटी द्यायला हवे. पुण्यात कारखाना भोसरीतला असो, शिक्षणसंस्था कोथरूडची असो किंवा पतसंस्था सदाशिव पेठेतली, कोटेशन मागवण्याआधी खालील बाबी कागदावर उतरलेल्या असाव्यात.

आरंभ कामांच्या नोंदीपासून करावा. लेखा, भांडार, आस्थापना अशा प्रत्येक विभागात प्रत्यक्ष बसून कोणते सॉफ्टवेअर चालते, त्याची आवृत्ती कोणती, माहिती कोणत्या डेटाबेसमध्ये साठते आणि देखभाल कोण करतो हे लिहून घ्यावे. टॅलीप्राइम विंडोजवर चालते. बायोमेट्रिक हजेरीचे सॉफ्टवेअरही बहुधा विंडोजसाठीच केलेले असते. संस्थेचे संकेतस्थळ मात्र पीएचपी आणि मायएसक्यूएलवर असेल, तर लिनक्सवर सुखाने नांदते. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस २०१७ पासून लिनक्सवरही चालतो, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी विंडोज घ्यावेच लागेल असे नाही. तरीही ज्या पुरवठादाराने तुमचे सॉफ्टवेअर लिहिले आहे, तो कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर त्याची जबाबदारी घेईल हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. फोनवरच्या ‘चालेल हो’वर लाखांची खरेदी करू नये.

त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या लॉगिनचा विचार करावा. टेबलांवरचे बहुतेक संगणक विंडोजचे असतील आणि पासवर्ड, प्रिंटर, फोल्डरचे अधिकार एकाच ठिकाणाहून सांभाळायचे असतील, तर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही विंडोज सर्व्हरमधली सोय लागते. हे काम लिनक्सवरचा सांबा ४ हा प्रोग्रामसुद्धा करू शकतो. २०१२ पासून ती सोय आहे. मात्र सांबा मनापासून जाणणारा माणूस पदरी नसेल, तर लॉगिनसाठी विंडोज सर्व्हर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सकाळी दहा वाजता कोणालाच लॉगिन होत नसेल तर वाचवलेल्या पैशांचा उपयोग नाही.

फायली लिनक्सवर न्यायच्या असतील, तर एक तपासणी हमखास राहून जाते, ती मराठी नावांची. विंडोजच्या एनटीएफएस या फायली साठवण्याच्या पद्धतीत फाइलचे नाव २५५ वर्णांपर्यंत चालते, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसमध्ये ही मर्यादा २५५ बाइटची असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे अशी जेमतेम ८५ चिन्हे बसतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ एवढ्यावर नाव थांबले तर अडचण नाही, पण त्याच्यापुढे वर्ष, ठराव क्रमांक, ‘अंतिम’, ‘दुरुस्त’ असे शब्द जोडले जातात आणि नेमकी तीच फाइल कॉपी होत नाही. लांब नावांची यादी काढून ती स्थलांतराआधीच आखूड करावीत.

लायसन्सचा हिशेब पुरवठादारावर सोपवू नये, स्वतः मांडावा. विंडोज सर्व्हरचे लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचे घ्यावे लागते. स्टँडर्ड आवृत्तीत सर्व कोअरचे लायसन्स एकदा घेतले की दोन व्हर्च्युअल मशिन, म्हणजे एकाच यंत्रातले दोन आभासी सर्व्हर, चालवता येतात. चार हवी असतील तर तेवढेच लायसन्स पुन्हा लागते. शिवाय प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा प्रत्येक संगणकासाठी कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचे लायसन्स, घ्यावे लागते. तीन पाळ्यांत एकाच संगणकावर तिघे बसत असतील, तर संगणकावर मोजलेले कॅल स्वस्त पडते. एकेक जण संगणक, लॅपटॉप आणि मोबाइल असे तिन्ही वापरत असेल, तर माणसावर मोजलेले. शाखेतून रिमोट डेस्कटॉपने टॅली उघडणार असाल, तर त्याचे कॅल निराळे असते. ते नसतानाही १२० दिवस सगळे सुरळीत चालते, म्हणून खरेदीच्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. लिनक्समध्ये डेबियन, अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स यांना लायसन्सचा खर्च नाही, पण वाचलेली रक्कम देखभालीच्या करारासाठी राखून ठेवावी.

प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमच्या आयुष्याच्या तारखा वेगळ्या रकान्यात लिहाव्यात. विंडोज सर्व्हर २०१६ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२७ मध्ये, २०१९ चे जानेवारी २०२९ मध्ये आणि २०२२ चे ऑक्टोबर २०३१ मध्ये संपतात. लिनक्समध्ये उबुंटूच्या एलटीएस, म्हणजे दीर्घ पाठबळाच्या, आवृत्तीला मूळ पाठबळ पाच वर्षांचे, तर रेड हॅटच्या मोठ्या आवृत्तीला दहा वर्षांचे असते. सेंटओएस ८ या फुकट लिनक्सचे पाठबळ २०२९ पर्यंत असेल असे जाहीर झाले होते, ते २०२१ च्या अखेरीसच थांबले. म्हणून फुकट मिळणारी आवृत्ती निवडताना तिच्यामागे कोण उभे आहे हेही पाहावे. जुनेच यंत्र वापरायचे असेल, तर त्याचा प्रोसेसर तपासावा. रेड हॅट १० साधारणपणे २०१३ पूर्वीच्या इंटेल प्रोसेसरवर चालत नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, लॉग, म्हणजे यंत्रावरच्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात आणि घड्याळे एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली असावी लागतात. कोणतीच ऑपरेटिंग सिस्टिम हे आपणहून करत नाही. लिनक्सवर लॉग बहुधा चार आठवड्यांनी पुसले जातात, विंडोजमध्ये ठरलेली जागा भरली की जुन्या नोंदी जातात. त्यामुळे लॉग साठवण्याची जागा खरेदीतच धरावी.

विजेचा मुद्दा पुण्यात गौण मानू नये. महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी असतात. यूपीएसची बॅटरी उतरू लागताच सर्व्हर व्यवस्थित बंद करणारे सॉफ्टवेअर निवडलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते का, हे प्लग काढूनच पाहावे.

माणसे कोण, हेही लिहावे. सी-डॅकच्या अभ्यासक्रमांमुळे पुण्यात लिनक्स शिकलेली तरुण मंडळी मिळतात, पण ती टिकतातच असे नाही. म्हणून पासवर्ड, मांडणी आणि नेहमीच्या कामांची वही मराठीत लिहून संस्थेच्या ताब्यात ठेवावी आणि रजेच्या दिवशी फोन कोण उचलणार त्याचे नाव करारात घालावे.

बॅकअपचा सर्व्हर मुख्य डोमेनमध्ये, म्हणजे सामाईक लॉगिनच्या व्यवस्थेत, जोडू नये, म्हणजे रॅन्समवेअरने (फायली अडवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) डोमेन गिळले तरी तो वाचतो. निवड पक्की करण्याआधी एका मोकळ्या यंत्रावर ती सिस्टिम टाकून बॅकअपमधून टॅलीचा डेटा परत आणावा, लेखा विभागाला त्यावर महिनाअखेर करायला लावावी आणि मगच खरेदी आदेशावर सही करावी. स्थलांतर मार्चमध्ये ठेवू नये. गुरुवारी साप्ताहिक सुटी असणाऱ्या कारखान्यांनी बुधवारी रात्री सुरुवात करावी, मात्र त्या गुरुवारी महावितरणचे काम नाही ना हे आधी पाहावे. नव्या सर्व्हरवर एक पगारपत्रक आणि एक जीएसटी विवरणपत्र पार पडेपर्यंत जुना सर्व्हर नेटवर्कमधून काढून, पण न पुसता, कपाटात ठेवावा.