जर्मन पदार्थ हलके करताना या चुका टाळा

मेयोनीजच्या जागी दही घातलं की बटाट्याचं सॅलड हलकं होतं, असं मी स्टुटगार्टला आल्यावर बरेच दिवस धरून चालले होते. तासाभरात भांड्याच्या तळाशी पाणी सुटायचं आणि बटाटा आतून अळणीच लागायचा. शेवटी शेजारच्या आजींनी मला त्यांच्या ओट्यापाशी उभं करून दाखवलं. मेयोनीजचं सॅलड जास्त करून उत्तरेकडचं. इथल्या श्वाबेन (स्टुटगार्टच्या आसपासचा भाग) पद्धतीच्या कार्टोफेलझालाटमध्ये, म्हणजे बटाट्याच्या सॅलडमध्ये, ते मुळात नसतंच, मग त्याला पर्याय कशाला शोधायचा?

पिशवीवर 'फेस्टकोखेंड' (उकडल्यावर घट्ट राहणारे) लिहिलेलेच बटाटे घ्या. 'मेलिगकोखेंड' (उकडल्यावर पिठूळ होणारे) कुस्करून मॅश करायला छान, पण सॅलडमध्ये त्यांचा लगदा होतो. १ किलो बटाटे सालासकट उकडायचे, चटके बसत असतानाच सोलायचे आणि पातळ चकत्या करायच्या. त्यावर पाव लिटर कढत स्टॉक, ३ चमचे व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पेस्ट, बारीक कांदा, मीठ. अर्धा तास झाकून ठेवा. तेल अगदी शेवटी, २-३ मोठे चमचे. खरी चूक इथेच होते: तेल आधी पडलं की चकत्यांवर थर बसतो आणि स्टॉक आत मुरत नाही. सॅलड ढवळताना ओलसर 'चप्पक' असा आवाज आला पाहिजे, असं आजी सांगतात. फारच पातळ झालं, तर एक बटाटा कुस्करून मिसळा.

श्निट्झेल (ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेले मांसाचे पातळ काप) कमी तेलात तळू नका. थोड्या, कोमट तेलात ब्रेडचा चुरा उलट तेल पितो आणि सुटतो. त्यापेक्षा चुरा आधीच २ चमचे तेलावर गुलाबी परतून घ्या, चिकनचे ठोकून पातळ केलेले काप त्यात घोळवा आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर साधारण १५ मिनिटं भाजा. तळलेल्यासारखं फुगत नाही हे खरं, पण कुरकुरीत होतं.

क्वार्कच्या (चक्क्यासारखं मऊ ताजं चीज) डब्यावरचा ४० टक्के हा आकडा पाहून घाबरू नका. तो कोरड्या अंशातल्या स्निग्धांशाचा असतो. प्रत्यक्षात १०-११ टक्केच भरतो. तरी मागरक्वार्कच (स्निग्धांश काढलेला क्वार्क) हवा असेल, तर तो खडूसारखा लागतो म्हणून क्रीम घालू नका. थोड्या बुडबुड्यांच्या सोडा वॉटरमध्ये फेटा, हलका होतो. उकडलेल्या बटाट्यांबरोबर वरून चमचाभर जवसाचं तेल घालायची पूर्वेकडच्या लाउझित्स भागातली रीत मला फार आवडते.

लाल कोबीत हंसाची चरबी वगळलीत तरी चालेल, एक सफरचंद मात्र हवंच. आंबट वगळू नका, नाहीतर कोबी निळा पडतो. पडलाच, तर उकळत्या भाजीत चमचाभर व्हिनेगर घालून ढवळा. तांबडा रंग परत येतो.