मुळे पाहावीत कशी

मूळ पाहायचे म्हणून रोप धरून उपटले, की हाती येतो तो बहुतांशी मुळाचा सांगाडा. जमिनीतले पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार मुख्यतः कोवळ्या टोकांमागच्या अरुंद पट्ट्यातील मूलरोम, म्हणजे मुळावरचे केसांसारखे बारीक तंतू, शोषून घेतात, आणि हे रोम मातीच्या कणांना इतके चिकटलेले असतात की ओढताक्षणी ते तुटून मातीतच राहतात. त्यामुळे मुळाची रचना आणि तिचे कार्य नीट समजून घ्यायचे असेल तर आधी मातीविना उगवलेले कोवळे मूळ पाहावे आणि मग शेतातले वाढलेले रोप मातीच्या ढेकळासकट काढून पाण्यात सोडवावे.

पहिल्या निरीक्षणासाठी काचेचा पेला, टिपकागद, कापूस, अखंड हरभरा आणि ज्वारी एवढे साहित्य पुरते. दाणे रात्रभर भिजवावेत, टिपकागद पेल्याच्या आतल्या बाजूने लावून मधल्या पोकळीत ओला कापूस भरावा, आणि काच व कागद यांच्यामध्ये दाणे अशा रीतीने अडकवावेत की ते बाहेरून दिसतील. तळाशी थोडे पाणी ठेवून पेला झाकावा. दोन-तीन दिवसांत मुळे खाली उतरतात आणि, विशेषतः ज्वारीच्या मुळावर, पांढरी मऊ लव दिसू लागते. पुष्कळदा तिला बुरशी समजून दाणे फेकून दिले जातात. बुरशी दाण्यावर, कागदावर, कुठेही पसरते. मूलरोम मात्र फक्त मुळावरच असतात आणि अगदी टोकाचा भाग नेहमी मोकळा सोडतात. झाकण काढून कोरड्या हवेत ठेवल्यास ते थोड्याच वेळात मान टाकतात, म्हणून भिंगातून पाहण्याचे काम लगेच उरकावे.

प्रत्येक मूलरोम म्हणजे मुळाच्या बाह्यत्वचेतील एकाच पेशीचा लांबलेला भाग असतो. त्याचे आयुष्य थोड्या दिवसांचे, पण संख्या प्रचंड असते. हॉवर्ड डिटमर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये राय या तृणधान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाची मुळे मोजली, तेव्हा त्यांची एकूण लांबी ६०० किलोमीटरपेक्षा जास्त आणि मूलरोमांची संख्या सुमारे १४०० कोटी भरली होती.

टोक मोकळे का, याचे उत्तर पुढच्या प्रयोगात मिळते. हरभऱ्याचे साधारण दोन सेंटिमीटर लांबीचे सरळ मूळ निवडून त्यावर, पाण्याने न पसरणाऱ्या शाईत बुडवलेल्या बारीक दोऱ्याने, टोकापासून एकेक मिलिमीटरवर खुणा कराव्यात आणि दाणा परत पेल्यात ठेवावा. दुसऱ्या दिवशी टोकाजवळच्या काही खुणांमधले अंतर वाढलेले दिसते, तर वरच्या खुणा होत्या तशाच राहतात. मूळ लांबते ते केवळ टोकामागच्या या काही मिलिमीटरांत. अगदी टोकाला मूलटोपी, तिच्या मागे विभाजन पावणाऱ्या पेशी, त्यांच्या मागे लांबणाऱ्या पेशी आणि लांबणे थांबल्यावर मूलरोम, असा हा क्रम आहे. लांबणाऱ्या भागावरच रोम असते, तर मूळ मातीतून पुढे सरकताना ते खरवडून निघाले असते. हाच पेला आडवा करून ठेवल्यास मुळाची टोके पुन्हा जमिनीच्या दिशेने वळतात, कारण मूलटोपीतील काही पेशींमधले पिष्टाचे जड कण खालच्या बाजूला सरकतात आणि त्यावरून मुळाला खालची दिशा कळते.

मुळाची आतली रचना पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक नसेल तर गाजर घ्यावे. आडव्या चकतीत मधला गाभा आणि त्याभोवतीचे जाड कडे वेगळे दिसते: गाभ्यात जलवाहिन्या असतात, तर साखर साठवणारे कडे मुख्यतः रसवाहिन्यांकडच्या, म्हणजे अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांकडच्या, ऊतीचे (पेशीसमूहाचे) असते. तेच गाजर उभे चिरल्यावर गाभ्यापासून सालीपर्यंत आडव्या जाणाऱ्या बारीक रेघा आढळतात, त्या उपमुळांच्या. खोडाची फांदी बाहेरच्या कळीतून फुटते. उपमूळ मात्र आतल्या ऊतीत जन्मते आणि वरचे थर भेदून बाहेर येते. कोवळ्या मुळात गाभ्याभोवती अंतस्त्वचेचा एकपदरी थर असतो आणि त्याच्या पेशीभित्तींमध्ये पाणी रोखणारी कॅस्पेरियन पट्टी असते. पेशींच्या भित्तींमधून आलेले पाणी इथे अडते आणि त्याला पेशीच्या पटलातूनच आत जावे लागते, त्यामुळे कोणते क्षार आत घ्यायचे यावर वनस्पतीचा ताबा राहतो. मला मुळाच्या साऱ्या रचनेत हा थर सर्वांत विलक्षण वाटतो.

आता शेतात जावे. हरभरा फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास रोपाभोवती वीतभर अंतर सोडून खोल खणावे, ढेकूळ तसेच उचलून बादलीतल्या पाण्यात बुडवावे आणि माती आपोआप सुटेपर्यंत थांबावे. घाईने चोळल्यास बारीक मुळे आणि गाठी गळतात. शेजारचे ज्वारीचे ताटही असेच काढले, तर हरभऱ्याचे खोल जाणारे सोटमूळ आणि ज्वारीच्या खालच्या पेऱ्यांपासून फुटलेल्या तंतुमुळांचा झुपका यांतला फरक लगेच कळतो.

हरभऱ्याच्या मुळावरची एक गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी किंवा लालसर असेल तर तिच्यातले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र स्थिर करत आहेत. तो रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन या लाल प्रथिनाचा असतो. हिरवट किंवा तपकिरी गाठीचे काम संपलेले असते, तर पांढरट गाठ अजून कार्यक्षम झालेली नसते. गाठी फारच थोड्या असल्यास पुढच्या पेरणीला बीजप्रक्रिया करावी, म्हणजे बियाण्याला या जिवाणूंचे तयार संवर्धक चोळावे, परंतु ते संवर्धक हरभऱ्याचेच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण सोयाबीनचे त्याला चालत नाही. नखाने अलगद सुटते ती जिवाणूंची गाठ. मूळच फुगलेले असेल आणि गाठ सुटत नसेल, तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, संशय घ्यावा.

शेवटी सोटमुळाची दिशा पाहावी. ते काही अंतरावर एकदम काटकोनात वळलेले असेल आणि आजूबाजूच्या रोपांतही त्याच खोलीवर तसेच आढळत असेल, तर खाली कठीण थर तयार झालेला असण्याची दाट शक्यता आहे. त्या ठिकाणी टोकदार सळई रोवून थराची खोली तपासावी आणि उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, त्या खोलीच्या खालपर्यंत जाणारी नांगरट करून घ्यावी.